ओटीवरची रहस्यकथा : मालिकालेखन, स्वतंत्र लेखक आणि आपला अभ्यासव्यवहार

१

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने संशोधन-प्रकल्पासाठी 'मराठी रहस्यकथामालिकांतील नायक' असा विषय सुचविला होता. ती पेणजवळच्या खारेपाटातली. घरी आजोबांच्या लाकडी पेटीत बाबूराव अर्नाळकरांची साठ-सत्तर पुस्तके होती. त्यांतील बरीचशी मुखपृष्ठे गेलेली, काहींची शेवटची पानेही गेलेली. विषय मान्य झाला नाही. 'यात वाङ्मयीन काय आहे?' एवढेच तिला तोंडी विचारण्यात आले. तिने दुसरा, प्रतिष्ठित विषय घेतला आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पुढच्या पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली.

हा प्रसंग कोणावर दोषारोप करण्यासाठी सांगितलेला नाही. 'यात वाङ्मयीन काय आहे?' हा प्रश्न योग्यच होता. खंत एवढीच, की तो उत्तर मिळविण्यासाठी विचारला गेला नाही, विषय मिटविण्यासाठी विचारला गेला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : रहस्यकथेची मालिका दीर्घकाळ चालविणे ही स्वतंत्र रचनाशिस्त असलेली वाङ्मयीन कृती आहे, या प्रकाराची एक घरगुती, नेमस्त शाखा मराठीत म्हणावी तशी वाढली नाही, तिला लागणारी भूमी पेण-रोह्यासारख्या गावांत आजही तयार आहे, आणि ती वाढवू शकणारा लेखक आता बहुधा स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा असणार असल्यामुळे, त्याच्या लेखनाची नोंद ठेवण्याची जबाबदारी मराठी विभागांवर येऊन पडली आहे.

२

मराठी रहस्यकथेच्या पूर्वपीठिकेकडे पाहिले, तर गो. ना. दातार यांच्या रेनॉल्ड्सवरून बेतलेल्या कादंबऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अद्भुत आणि रहस्य यांची गोडी वाचकाला लावली असे दिसते. तिचे रूपांतर नियमित वाचनसवयीत केले ते बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू या त्यांच्या नायकांच्या नावावर वाचनालयांतून पुस्तके मागितली जात. लेखकाचे नाव पुष्कळदा नंतर येई. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे जाते. गुरुनाथ नाईक यांचे लेखनही तितकेच विपुल. त्यांचे निधन २०२१ साली झाले. सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅ. अमर विश्वास असे निरनिराळ्या प्रकृतीचे नायक एकाच वेळी चालविले. 'दुनियादारी'चा उल्लेख आपण आज करतो, पण तिच्या संवादांना जी सहजता आहे तिची तालीम या मालिकांत झालेली आहे, हे सहसा ध्यानात घेत नाही. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनी या लेखनाला दर वर्षी हक्काची जागा दिली.

या परंपरेचा विशेष असा, की तिचा नायक बहुतांशी असामान्य आहे. तो वेषांतर करतो, मोटारी पळवितो, पिस्तूल बाळगतो. त्याचे कार्यक्षेत्र मुंबई, सीमाप्रदेश वा परदेश असते. गिरणगावातील चाळीत किंवा तालुक्याच्या गावी बसून वाचणाऱ्याला आपल्या जगण्याबाहेर नेणे हेच त्या कथेचे काम होते आणि ते तिने चोख बजावले. मात्र वाचकाला त्याच्याच गावात, त्याच्याच ओटीवर बसवून कोडे घालणारी कथा या परंपरेत अपवादानेच आढळते. भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) फास्टर फेणे हा त्यातल्या त्यात जवळचा. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर फिरतो, आणि त्याची चौकस बुद्धी हेच त्याचे शस्त्र. परंतु ही मालिका कुमारांसाठी होती, आणि प्रौढांच्या कथेने तिच्यापासून काही घेतले नाही.

३

ज्या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात, त्याला मी येथे 'ओटीवरची रहस्यकथा' असे म्हणतो. नाव सोयीचे आहे. कोकणातील ओटी ही धड घरात नसते, धड रस्त्यावर नसते. येणारा-जाणारा तेथे टेकतो, बातमी सांगतो आणि नकळत बातमी देऊनही जातो. या कथेचे चार विशेष सांगता येतील. शोध घेणारी व्यक्ती व्यवसायाने पोलीस नसते. तिची ताकद माणसांच्या जुन्या ओळखीत असते. हिंसा घडली तरी ती पडद्याआड घडते. घटनास्थळ हे एकमेकांना ओळखणाऱ्यांचे लहान जग असते. आणि शेवटी केवळ गुन्हेगार सापडत नाही, तर बिघडलेली घडी पुन्हा बसते, निदान बसल्यासारखी होते.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही या प्रकाराची ठळक प्रतिनिधी. तिची पहिली कादंबरी १९३० सालची, शेवटची १९७६ साली प्रसिद्ध झाली. कादंबऱ्या अवघ्या बारा. विणकाम करीत बसलेली ही वृद्धा प्रत्येक नव्या माणसात आपल्या खेड्यातला कोणी जुना माणूस पाहते. तिची सगळी तर्कपद्धती या साम्यावर उभी आहे. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. 'अगदी आपल्या अमक्याच्या वळणावर गेलाय' हे वाक्य आपल्याकडील कोणत्याही आजीच्या तोंडी असते, आणि ते बहुधा बरोबरही असते.

येथे एक आक्षेप संभवतो. ही कथा समाधानी वर्गाची नाही काय? गावातील जात, जमीन, दारिद्र्य यांवर ती पांघरूण घालीत नाही काय? आक्षेप गंभीर आहे आणि इंग्रजी नमुन्यांना तो बऱ्याच अंशी लागू पडतो. पण लहान गावाचे रहस्य खरोखर शोधायला निघालेला लेखक सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी, वारसनोंदीपाशी, कुळाच्या हक्कापाशी येऊन पोहोचल्याशिवाय राहणार नाही. आपल्या गावांत माणसे कोणत्या कारणासाठी खोटे बोलतात हे ज्याला माहीत आहे, त्याला जमिनीचा प्रश्न टाळता येणार नाही. म्हणजे मर्यादा लेखकाच्या धारिष्ट्यात आहे, वाङ्मयप्रकारात नाही.

४

पेण आणि रोहा ही गावे मी उदाहरणादाखल घेतो, कारण ती परिचयाची आहेत. पेण हे गणेशमूर्तींचे गाव. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात आणि मूर्ती मुंबई-पुण्याकडेच नव्हे, परदेशीही जातात. रोहे कुंडलिकेच्या काठचे. एका अंगाला धाटावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला धावीर महाराजांचे देवस्थान. कोकण रेल्वे येथूनच सुरू होते, म्हणजे हे गाव एकाच वेळी एका मार्गाचे अखेरचे आणि दुसऱ्याचे पहिले स्थानक आहे. दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस दल शस्त्रांसह मानवंदना देते, ही प्रथा सर्वश्रुत आहे. ज्या गावात शासनसंस्था ग्रामदैवतापुढे वर्षातून एकदा सलामीला उभी राहते, तेथे फौजदार आणि गावातली एखादी निवृत्त शिक्षिका यांचे नाते कसे असेल, हे कादंबरीकाराला निराळे समजावून सांगावे लागू नये.

या प्रकारात दुवा, म्हणजे उकल सुचविणारी खूण, वाचकासमोर उघडी ठेवलेली असावी असा संकेत आहे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली या कथेचे दहा नियम सांगितले, त्यांचा रोख याच सचोटीवर होता. आपल्या भूमीतील दुवे कसे असतील? एकच नमुना देतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. खाडीत आत गेल्यावर थोडा उशीर धरावयाचा. आता अशी कल्पना करू, की दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन पंचमीच्या रात्री दहाला आपण खाडीच्या काठावर, भरल्या पाण्यात केले, असे एक पात्र पहिल्याच प्रकरणात सांगते. त्या वेळी ओहोटी असते. काठाशी पाण्याऐवजी चिखल असतो. शहरातील वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जाईल. खारेपाटातील वाचक तेथेच थबकेल. दुवा उघड्यावर आहे, आणि तरीही तो एका विशिष्ट जीवनपद्धतीच्या ज्ञानातच दडलेला आहे. खारबंदिस्तीची उघाडी कोणी कधी उघडली, शाडूची मूर्ती पावसाळी हवेत वाळायला किती दिवस लागतात, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची आहे, हे सारे दुवेच आहेत.

प्रादेशिक कादंबरीविषयी आपण पुष्कळ बोललो. प्रदेश हा पार्श्वभूमी न राहता कथानकाचा घटक व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. वरील उदाहरणात प्रदेश काढून घेतला तर रहस्यच उरत नाही. प्रदेश आणि कथानक यांची याहून घट्ट सांगड दुसऱ्या कोणत्या प्रकारात पडते, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा. आगरी बोलीचेही तसेच. ती येथे केवळ रंगत आणण्यासाठी येत नाही. एखादा शब्द कोणत्या गावचा, हे ओळखणे हाच उकलीचा भाग होऊ शकतो; आणि त्यामुळे लेखकाला बोली अचूक लिहावीच लागते.

५

एक चांगली रहस्यकथा लिहिणे निराळे आणि तिची मालिका दहा-पंधरा वर्षे चालविणे निराळे. मालिकालेखनाच्या अडचणी पहिल्या पुस्तकात दिसत नाहीत. त्या चौथ्या-पाचव्या पुस्तकात दत्त म्हणून उभ्या राहतात.

पहिली अडचण काळाची. हर्क्युल प्वारो १९२० साली पहिल्या कादंबरीतच निवृत्त पोलीस अधिकारी आहे आणि तो १९७५ पर्यंत चालला. वयाचा हिशेब लावू नये एवढेच वाचकाच्या हाती राहते. फास्टर फेणे विसेक पुस्तकांत मोठा होत नाही, आणि मुलांच्या कथेत ते शोभतेही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी मात्र १९३२ पासून वाचकाबरोबर वाढतो. एका प्रकरणात भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करतो, बाप होतो. मध्यंतरी लेखकाने बरीच वर्षे ही मालिका थांबविली होती आणि पुढे ती पुन्हा हाती घेतली. शरदिंदूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध, १९७० साली निधन होईपर्यंत, पुण्यात गेला, हे मराठी अभ्यासकांनी विसरू नये. गोठलेला काळ आणि वाहता काळ यांपैकी एकाची निवड पहिल्याच पुस्तकात करावी लागते. ती केली नाही, तर पाचव्या पुस्तकातील नातू तिसऱ्या पुस्तकातील मुलापेक्षा मोठा निघतो.

दुसरी अडचण संभाव्यतेची. पेणसारख्या गावात दर वर्षी एक खून होऊ लागला, तर चौथ्या वर्षी लोक गाव सोडतील. अमेरिकेत १९८४ ते १९९६ या काळात चाललेल्या 'मर्डर, शी रोट' या दूरचित्रवाणी मालिकेतील कॅबट कोव्ह हे टुमदार गाव याच कारणाने थट्टेचा विषय झाले. यावर उपाय एकच : खून हेच एकमेव रहस्य, हा ग्रह सोडणे. निनावी पत्र, देवळातील दागिना, मृत्युपत्रावरील अंगठा, गावात परत आलेला आणि कोणाला ओळख न देणारा मनुष्य, आदल्या रात्री बदललेली मूर्ती, यांतील प्रत्येकात एक कादंबरी आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या अनेक कथांत चोरी आणि तोतयेगिरी हीच मुख्य असते. अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या तेव्हा येथील वाचकाला त्यांत काही उणे वाटले नाही.

तिसरी अडचण स्मरणाची. मालिका म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला करार असतो. देवळाची पायरी पहिल्या पुस्तकात सात असेल तर नवव्या पुस्तकातही सात. यासाठी पात्रे, नाती, घरांच्या दिशा, दुकानांची नावे, कोण कोणाला 'अहो' म्हणते आणि कोण 'अरे', यांची एक वही ठेवावी लागते. कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हेही तीत असावे. ही वही म्हणजे एका काल्पनिक गावाचे दप्तरच होय.

चौथी अडचण सर्वांत अवघड : कंटाळा. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटले आणि वाचकांच्या रेट्यामुळे १९०३ साली त्याला परत आणले. मालिकेचा नायक लेखकाच्या मालकीचा राहत नाही, हा त्याचा अर्थ. यावर तोल साधणारे लेखक नायकाला तसाच ठेवून त्याच्या भोवतालचे गाव बदलत ठेवतात. रोह्यात वसाहत आली, रेल्वे आली, महामार्ग रुंद होऊ लागला, जमिनींचे भाव चढले. माणूस तोच, गाव निराळे. अशी दहा पुस्तके ओळीने वाचली तर त्या गावाचा सामाजिक इतिहास हाती येईल. एकाच कादंबरीला, ती कितीही मोठी असली तरी, हे साधणे कठीण.

६

आता स्वतंत्र लेखकाकडे वळू. जुन्या काळी रहस्यकथाकार प्रकाशकाच्या मागणीनुसार लिही, आणि भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये हा त्याचा मुख्य बाजार असे. तो बाजार आता उरलेला नाही. रोह्यातील अशाच एका वाचनालयाची पुस्तके रद्दीच्या भावाने गेलेली मी पाहिली आहेत. मोठ्या प्रकाशनसंस्थेला अनोळखी लेखकाच्या दहा भागांच्या मालिकेची जोखीम परवडत नाही. दुसरीकडे, मागणी असेल तेवढ्याच प्रती छापण्याची सोय झाली आहे, ई-पुस्तके आहेत, आणि २०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठीत श्राव्य मालिकाही ऐकल्या जाऊ लागल्या. त्यामुळे पेणमधील एखादी शिक्षिका किंवा निवृत्त तलाठी आपली मालिका स्वतः काढू शकतो. त्याला वर्षाला एक पुस्तक, ठरलेल्या वेळी, द्यावे लागेल. मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घ्यावे लागेल. पहिला भाग मागे पडू न देता उपलब्ध ठेवावा लागेल, कारण मालिकेचा नवा वाचक नेहमी पहिल्या भागापासूनच सुरुवात करू इच्छितो. हिशेब लहान असतो, पण तो वर्षानुवर्षे चुकवून चालत नाही.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे यात कमीपणा मानण्याची आपली वृत्ती मला विसंगत वाटते. साठोत्तरी काळात लघुनियतकालिकांनी प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराला नकार दिला, चक्रमुद्रित अंक काढले. त्या नकाराचा आपण गौरव करतो, त्यावर प्रबंध लिहितो. भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' चालविताना घेतलेले कष्ट आपण आदराने सांगतो. मग रहस्यकथा लिहिणाऱ्याने तेच केले की 'कोणी छापले नाही म्हणून स्वतः छापले' असा शेरा का यावा?

या लेखनाची नोंद कोठे राहणार, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १९५० पर्यंतच्या पुस्तकांपर्यंत येते. रहस्यकथेचा भर बहुतांशी त्यानंतरचा. १८६७ च्या कायद्यान्वये निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत लोकप्रिय पुस्तकेही निमूटपणे नोंदली जात. त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला. तो नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली गेली. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवावयाची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखक हाही प्रकाशकच. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते. परिणामी जी पुस्तके पेण-रोह्याच्या मधल्या चाळीस किलोमीटरांच्या आत लिहिली, छापली आणि वाचली जातील, ती आणखी पन्नास वर्षांनी कोणत्याही सूचीत सापडणार नाहीत. अर्नाळकरांच्या संदर्भात हेच घडले. त्यांच्या हजारावर कादंबऱ्यांचा पूर्ण संच अभ्यासकाला एका जागी मिळणे दुरापास्त झाले आहे. निवडक कथांचे पुनर्मुद्रण झाले, ते मुख्यतः जुन्या वाचकांच्या प्रेमापोटी. विद्यापीठांचा त्यात वाटा नगण्य.

७

यावर असे म्हटले जाईल, की या ढिगाऱ्यातले बरेचसे लेखन सामान्य आहे. ते मान्यच आहे. एकच साचा, घाईची भाषा, बायकांचे ठरीव चित्रण हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु सामान्य भावगीते, सामान्य ऐतिहासिक कादंबऱ्या आणि सामान्य ग्रामीण कथा यांचाही आपण अभ्यास करतो, तो अभिरुचीचा इतिहास समजावा म्हणून. तोच न्याय येथे लावावा एवढेच म्हणणे आहे. शिवाय सामान्यातून चांगले निवडायचे तर आधी वाचावे लागते. न वाचता दिलेला निकाल ही समीक्षा नव्हे.

म्हणून तीन सूचना मांडतो. एक, मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या तालुक्यातील रहस्यकथांचे खासगी संग्रह पाहून साधी हस्तलिखित यादी करावी : नाव, लेखक, मालिका, वर्ष, मुद्रक, प्रतीची अवस्था. यासाठी अनुदान लागत नाही. दोन विद्यार्थी आणि एक दिवाळीची सुट्टी पुरते. दोन, जिल्ह्यात स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयाने विकत घ्यावी आणि त्याला १९५४ च्या कायद्याची माहिती द्यावी. तीन, सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिकेत मालिकालेखनाचा एक घटक ठेवावा. दुवा कोठे ठेवावा, उकल किती लांबवावी, पात्राची वही कशी राखावी, हे शिकविण्याजोगे आहे. आणि ते शिकताना विद्यार्थ्याला कथानक म्हणजे काय हे आपल्या अनेक व्याख्यानांपेक्षा लवकर समजेल.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. यात वाङ्मयीन काय आहे? प्रदेशाचे ज्ञान कथानकात विरघळवणे, वाचकाशी केलेला करार अनेक वर्षे पाळणे, आणि एका लहान गावातील माणसे एकमेकांविषयी काय जाणतात व काय जाणून लपवितात याचा छडा लावणे, हे वाङ्मयीन आहे. ती आता स्वतः एका महाविद्यालयात शिकविते. वाळवीतून वाचलेली अकरा पुस्तके तिने जपून ठेवली आहेत. त्यांची यादी मागायला अजून कोणीही तिच्याकडे गेलेले नाही. प्रस्तुत लेखकही नाही, हे कबूल केले पाहिजे. या दिवाळीच्या सुट्टीत ती उणीव भरून काढण्याचा मानस आहे.